तीस पट

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, कुठलाही काटा दिसला की आधी त्यावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायचे आणि मगच तो वाचायचे. वाण्याकडचा वजनकाटा असो, दवाखान्यातलं भिंतीवरचं घड्याळ असो, नाहीतर माझ्या शिलाईच्या दुकानातल्या इस्त्रीची चकती असो. वाण्याला वाटायचं, हा माणूस आपल्याला चोर समजतो. एकदा त्यानं तसं तोंडावर विचारलंच. भावोजी म्हणाले, "तुझ्यावर संशय नाही रे, काट्यावर आहे. काटा कधीकधी अडकून बसतो." त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, त्यामुळे बोलणं कायम वरच्या पट्टीत. ते अख्ख्या दुकानानं ऐकलं आणि वाणी पुढे कितीतरी दिवस त्यांच्याकडे बघून हसला नाही. आता ते टकटक करत नाहीत. काटे वाचायचेच त्यांनी सोडून दिलेत.

इस्पितळाच्या बॉयलरवर त्यांची हयात गेली. धुलाईखान्याच्या मागं एक बुटकी इमारत, आत तो काळा लोखंडी राक्षस. त्याच्या वाफेवर चादरी धुतल्या जायच्या, ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक व्हायची, रोग्यांचं जेवण शिजायचं. इस्पितळात त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे, ‘वाफवाले’ म्हणत. हाताखाली नवा माणूस आला की ते त्याला पहिल्या दिवशी दोन गोष्टी दाखवायचे. एक वाफेच्या दाबाचा काटा, आणि दुसरी पाण्याची काच, म्हणजे बॉयलरच्या पोटात पाणी किती आहे ते दाखवणारी उभी नळी. मग सांगायचे, काट्यामागं धावायचं नाही. सकाळी धुलाईखान्यानं सगळे वाल्व्ह एकदम उघडले की दाब उतरतो. नवा माणूस घाबरून जाळ वाढवतो, आणि थोड्या वेळानं काटा असा वर जातो की सेफ्टी वाल्व्ह किंचाळायला लागतो. भावोजींचा डावा कान अशाच एका घाबरटापायी गेला. जुना माणूस हाताची घडी घालून बसतो. "काट्याची एक जागा असते," ते म्हणायचे. "तो जातो, फिरतो आणि परत जागेवर येतो. आपण फक्त दम धरायचा."

हे वाक्य त्यांनी बॉयलरवरच ठेवलं असतं तर बरं झालं असतं. पण ते त्यांनी घरी आणलं. भाज्या महागल्या, येतील जागेवर. शेजारच्या सासू-सुनांचं वाजलं, येतील जागेवर. मध्यंतरी तयार कपड्यांच्या दुकानांनी माझा धंदा पार बसवला होता. मी त्यांच्याकडे रडगाणं गायला गेलो तर त्यांनी मला चहा पाजला आणि हेच ऐकवलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा. पुढे लोक तयार कपडे आखूड करून घ्यायला माझ्याकडेच यायला लागले आणि धंदा खरोखर सावरला, त्याचा मला अजून जास्त राग आला. मूलबाळ त्यांना झालं नाही. त्या बाबतीत काटा जागेवर आला नाही, पण त्यावर ते कधी बोलले नाहीत आणि आम्ही विचारलं नाही.

माझी थोरली बहीण, म्हणजे आमची ताई, बसमध्ये कंडक्टर होती. तिच्याइतकं हे शहर कुणी पाहिलं नसेल. कुठल्या थांब्यावर कोण चढतं, कुणाकडे सुटे नसतात, कुठली म्हातारी दोन थांबे आधीच उठून दाराशी उभी राहते, सगळं तोंडपाठ. घरातसुद्धा ती "पुढे सरका" म्हणूनच आमच्यातून वाट काढायची. जन्मभर हलत्या बसमध्ये उभं राहून तिचे गुडघे गेले. घर चौथ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. आधी ती एक दिवसाआड उतरायची, मग आठवड्यातून एकदा. मग एकदा मी त्यांच्याकडे चाललो होतो तर ती मधल्या जिन्यात कठड्याला धरून रडत बसलेली सापडली. तिला वर जाता येईना आणि खालीही जाता येईना.

त्यानंतर ती आपल्या पायानं उतरली नाही. एकदा तपासणीसाठी इस्पितळाची दोन माणसं आली आणि तिला खुर्चीत बसवून, उचलून खाली घेऊन गेली. शेजारपाजारचे दारं उघडून बघत होते. परत आल्यावर ती म्हणाली, "एवढ्या लोकांना चढवलं-उतरवलं मी, आज माझंच पार्सल झालं. आता स्वतःच्या पायानं जाता-येता येईल तेव्हाच खाली." आमची ताई जे बोलते ते करते. हा आमच्या घराण्याचा गुण नाही, दुखणं आहे.

म्हणजे तळमजल्यावर घर हवं होतं. एवढंच. दोघांनाही ह्या जगाकडून दुसरं काही नको होतं. पण तळमजल्याच्या घराला आमच्याकडे दुकानाचा भाव येतो, आणि चौथ्या मजल्यावरच्या बिनलिफ्टच्या घराला कुत्रं विचारत नाही. ते विकलं असतं तर निम्मे पैसे उभे राहिले असते. उरलेले निम्मे भावोजींच्या निवृत्तीच्या पैशातून यायचे होते. भाड्यानं बघावं तर जेवढं भाडं तेवढी त्यांची पेन्शन. आणि माझं स्वतःचं बिऱ्हाड दुकानाच्या माळ्यावर, चढायला शिडी. तिथं नेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

निवृत्तीसुद्धा वेळेआधीच आली होती. इस्पितळानं नवा बॉयलर बसवला आणि त्याच्याबरोबर एका सॉफ्टवेअर कंपनीची यंत्रणा. दाब, पाणी, जाळ, सगळं एका पडद्यावर. तो पडदाही कुणी बघत बसायची गरज नाही, काही बिघडलं तर तो आपणहून फोन करतो. भावोजी आठवडाभर त्याच्यासमोर बसून राहिले. त्यावरही टकटक करून पाहिलं. मग मला म्हणाले, "चांगलं आहे रे. माझ्यापेक्षा चांगलं आहे. ह्याला झोप नाही, आणि ह्याचा कानही जायचा नाही." हातात आलेल्या पैशातला मोठा हिस्सा त्यांनी त्याच कंपनीच्या शेअरमध्ये घातला. म्हणाले, "ज्यानं माझी खुर्ची घेतली, त्याच्या खुर्चीचा एखादा पाय तरी माझा असू दे." कंपनी तेव्हा जोरात होती. जो तो तिचंच नाव घेत होता.

वर्षभरानं त्यांच्या मनात शंका आली. कंपनीचा नफा वाढला होता, पण शेअर उतरला होता. हे कसं? ते दलालाच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं त्यांना समजावून सांगितलं, आणि तिथून ते तडक माझ्या दुकानात आले. माझा खडू उचलला आणि टेबलावर पसरलेल्या एका गिऱ्हाइकाच्या पँटच्या कापडावर लिहायला लागले.

"हे बघ. मी घेतला तेव्हा एका शेअरच्या वाट्याला वर्षाचा नफा येत होता वीस. शेअरचा भाव आठशे. आठशे भागिले वीस?"

"चाळीस. आणि ते कापड लोकांचं आहे."

"खडू पुसतो. म्हणजे मी नफ्याच्या चाळीस पट मोजले. ह्याला पी-ई म्हणतात."

मी डोकं खाजवलं. "म्हणजे नफा असाच राहिला तर पैसे वसूल व्हायला चाळीस वर्षं? भावोजी, साठी जवळ आली तुमची."

"असाच कसा राहील? वाढणार. वाढणार म्हणून तर लोक चाळीस पट देतात." त्यांनी खाली दुसरी ओळ लिहिली. "आता नफा झालाय चोवीस आणि भाव आहे सातशे वीस. किती पट झाली? तीस. नफा चढला, पट उतरली. नफा कंपनी कमावते, पट लोक ठरवतात, आणि भाव म्हणजे दोघांचा गुणाकार."

मी शिंपी माणूस. मला आपलं एवढं कळलं की आई-बाप जसा पोराला दोन मापं मोठा कोट शिवतात, तसे भावोजींनी कंपनीच्या पुढच्या वाढीचे पैसे आधीच मोजून टाकले होते. पोरगं वाढलं तरी कोट नवा होत नाही. मी तसं म्हटलं. ते हसले आणि म्हणाले, "तुला बरोबर कळलंय." पण ते स्वतः मात्र कोट पुन्हा नवा व्हायची वाट बघत होते, हे मला फार उशिरा समजलं.

पुढची काही वर्षं कंपनी बिचारी इमानेइतबारे वाढली. नफा अठ्ठावीस झाला, बत्तीस झाला, छत्तीस झाला. आणि पट उतरत गेली. सव्वीस, बावीस, अठरा. छत्तीस गुणिले अठरा करून बघा. नफा दुपटीजवळ पोचला आणि आठशेचा शेअर साडेसहाशेला आला. ह्यात कुणाचीच चूक नव्हती, आणि मला तेच सगळ्यात भयंकर वाटायचं. कंपनी चोर निघाली असती तर शिव्या तरी देता आल्या असत्या. तिनं जे जे करीन म्हटलं होतं ते ते केलं. भावोजींनी दम धरला होता. दोघांनी आपापलं काम चोख केलं, आणि मधल्यामध्ये माझी बहीण चौथ्या मजल्यावर जुनी होत होती.

त्याच सुमारास त्या कारकुनानं त्यांना एक कागद छापून दिला. कंपनी बाजारात आल्यापासून तिची पट कशी वरखाली झाली त्याचा आलेख. कधी पन्नासावर चढलेली, कधी पंधराला टेकलेली, वळवळत गेलेली एक रेघ, आणि तिच्या मधोमध तीसवर एक सरळ आडवी रेघ. सरासरी. बॉयलरवर दिवसभराच्या दाबाचा असाच कागद निघायचा, अशीच वळवळती रेघ, मध्ये अशीच सरळ. भावोजींचे डोळे चमकले. कारकुनानं त्यांना सरासरी दाखवली होती, भावोजींनी ती काट्याची जागा मानली.

"काट्याला जागा आहे," ते मला म्हणाले. "तीस. आत्ता अठरावर आहे, लोक रुसलेत. परत येईल. छत्तीस गुणिले तीस, हजार ऐंशी. त्या भावाला विकले की तळमजला."

गणितात खोट नव्हती. मी टेबलावर दोनदा करून बघितलं. छत्तीस जागेवर राहिले तर हजार ऐंशीच होतात. छत्तीस जागेवर राहिले तर, हे आमच्यापैकी कुणी म्हटलं नाही.

त्यांनी घरी जाऊन ताईला सांगितलं, "तीस झाले की आपण खाली." नफा, भाव, पट ह्यातलं ताईला ओ की ठो कळत नव्हतं, पण तीस तिला पक्के कळले. वर्तमानपत्रात शेअरच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत कंपनीचं नाव, पुढे भाव आणि अगदी शेवटच्या रकान्यात पट छापलेली असते. ताई भिंग घेऊन फक्त तो शेवटचा रकाना वाचायची. भावाकडे बघायची नाही. कंडक्टरला थांब्याशी मतलब, इंजिनाशी नाही. आलेखाचा कागद तिनं स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवला. आणि आकडा स्वतः वाचलेला असला तरी रोज चहाच्या वेळी भावोजींना विचारायची, "आज किती?"

"एकोणीस."

"पुढे सरका," ती म्हणायची, आणि दोघंही हसायचे. मी तिथं असलो तर मीही हसायचो. तेव्हा ती गंमत होती.

पट हळूहळू खरंच सरकली. तेवीसपर्यंत आली, म्हणजे भाव आठशेच्या वर. आणि नेमकं तेव्हाच मी घर शोधून काढलं. बेकरीच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर दोन खोल्या, दार उघडलं की थेट रस्ता. खिडकीतून बसथांबा दिसायचा. मालकीणबाई लेकीकडे कायमच्या निघाल्या होत्या, त्यांना घाई होती म्हणून किंमत माणुसकीची सांगत होत्या. चौथ्या मजल्याच्या घरालाही गिऱ्हाईक लागलं होतं, एक नवं लग्न झालेलं जोडपं, गुडघे शाबूत. थोडे कमी पडत होते ते मी घालणार होतो. धापा टाकत वर गेलो आणि एका दमात सगळं सांगितलं.

भावोजी म्हणाले, "तेवीस आहेत अजून."

"तेविसात होतंय म्हणून तर सांगतोय."

"होतंय ते ओढूनताणून. तुझे पैसे घालून. काटा अर्ध्या वाटेवर आहे रे, चढतोय. आत्ता हात घातला तर सगळाच घोटाळा."

"ताईचे गुडघे तुमच्या सरासरीसाठी थांबणार आहेत का?" माझा आवाज चढला. "घर समोर आहे. खिडकीतून थांबा दिसतो, ताई."

ताईनं मान वर केली. "कोणती बस थांबते तिथं?"

मी सांगितलं. ती तिचीच जुनी बस होती. तिच्या मनात काय चाललंय ते तिच्या हातांवरून कळत होतं, मांडीवरच्या कापडाच्या ती बारीक बारीक घड्या घालत होती, जशी तिकिटांच्या गठ्ठ्याशी खेळायची तशी. मग म्हणाली, "ह्यांनी तीस म्हटलंय. आता सातच राहिले." थांबा यायच्या आधी तिनं कुणाला उतरू दिलं नव्हतं, स्वतः तरी कशी उतरणार? मी चपला घालून निघालो. माझ्या मनात भावोजींबद्दल जे आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते घर एका दातांच्या डॉक्टरनं घेतलं. आता तिथं खिडकीत काचेवर रंगवलेला मोठा दात आहे, आणि मला ती गल्ली टाळून जावं लागतं.

मग उतार लागला. आधी बातमी आली की इस्पितळांच्या एका मोठ्या साखळीनं कंपनीचं काम काढून घेतलं आणि स्वतःची यंत्रणा उभी केली. पाठोपाठ दुसऱ्या गिऱ्हाइकानं तेच केलं. शेअर सातशे झाला, सहाशे झाला, पाचशे झाला, आणि घरंगळत तीनशे साठवर आला. पण वर्तमानपत्रवाले भागाकार करत होते तो गेल्या वर्षाच्या नफ्यानं. भागायला घेतलेला नफ्याचा आकडा वर्षातून एकदाच बदलायचा, आणि नवा अजून यायचा होता. छत्तीसनं भागत होते. त्यामुळे शेवटच्या रकान्यात आकडा दिसत होता दहा.

त्या दिवसांत भावोजींच्या डोळ्यांत भीती असेल असं मला वाटलं होतं. नव्हती. आनंद होता. मला ते बघवलं नाही.

"दहा!" ते म्हणाले. "कंपनी जन्मल्यापासून काटा इतका खाली आला नव्हता. दहाचे तीस म्हणजे तिप्पट."

बँकेत दोघांच्या नावावर थोडे पैसे उरले होते, आजारपणासाठी ठेवलेले. ते काढून आणखी शेअर घ्यायचे, तर ताईची सही लागणार होती. मी तिथंच बसलो होतो. ताईनं पेन हातात घेतलं आणि विचारलं, "दहा म्हणजे तिसाच्या जवळ की लांब?"

"लांब. लांब आहे म्हणून तर स्वस्त."

मी म्हटलं, "भावोजी, भाव पडतोय कशानं?"

"लोक घाबरलेत. काट्यामागं धावतायत."

"आणि नफा?"

"छत्तीस. छापलाय बघ."

"तो गेल्या वर्षीचा ना?"

"नवा येईल आता. येईल थोडा कमी." त्यांनी माझ्याकडे न बघता कागद ताईच्या पुढ्यात नीट केला. "थोडा कमी आला तरी काय."

ताईनं सही केली. तिची सही मोठी, वळणदार, नोकरीत असताना होती तशीच. भावोजींनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि मी अडवलं नाही. पण मला तरी कुठं काय ठाऊक होतं? मला कापड कळतं. मला फक्त एवढं कळत होतं की भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो.

त्यानंतर काही आठवड्यांनी, मी सकाळी दुकानाचं शटर वर करत असताना ताईचा फोन आला.

"लगेच ये. तीस झाले."

"काल दहा होते ना?"

"पेपरात छापलंय. भिंगानं बघितलं, मग ह्यांचा चष्मा लावून बघितलं. तिनावर शून्य. हे पेपर वाचला तसे न बोलता निघून गेले, दलालाकडेच गेले असतील. तू ये. मला उतरायला हात दे, घरं बघून येऊ." तिचा आवाज असा होता की मला पुढचे शब्द ‘चला, पुढे सरका’ असतील असं वाटलं. मी शटर अर्धंच ठेवून निघालो. दहाचे एका रात्रीत तीस कसे झाले, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला आणि मी तो बाजूला सारला. माणसाला आनंद हवा असतो, हिशेब नको असतो.

दार सताड उघडं होतं. ताई उंबऱ्याशी खुर्चीत बसली होती. ठेवणीतले कपडे, नीट विंचरलेले केस, पायात चपला. चपला कधीच्या कपाटाखाली पडून होत्या, एकीचा पट्टा वाळून तुटला होता. "हे एवढं शिव रे," ती म्हणाली. माझ्या कॉलरला सुई-दोरा कायम असतो. मी खाली बसलो, तिचा पाय गुडघ्यावर घेतला आणि चपलेचा पट्टा तिच्या पायातच शिवायला लागलो. ती वरून सांगत होती, आधी कुठल्या गल्लीत जायचं, कुठली बस धरायची, कुठे उतरायचं. "मी पुढच्या दारानं चढणार," म्हणाली. "मागची पायरी उंच असते." मी तिला इतकं बोलताना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात जिन्यात भावोजींची पावलं वाजली. ते सावकाश वर आले, ताईला बघितलं, तिच्या पायाकडे बघितलं, आणि आत न येता दाराबाहेर वरच्या पायरीवर बसले.

"निकाल आला," ते म्हणाले. "काल संध्याकाळी. नफा बारा."

मी सुई थांबवली. "आणि भाव?"

"भाव तोच. बाजारानं हे आधीच ओळखलं होतं, आता हलला नाही."

तीनशे साठ भागिले बारा. मला खडूची गरज पडली नाही.

ताई म्हणाली, "पण तीस झाले ना?"

"झाले."

"मग चला की."

भावोजी हळू आवाजात बोलले. मी त्यांना हळू आवाजात बोलताना तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "अगं, पट दोन वाटांनी वाढते. भाव चढला तरी वाढते आणि नफा आटला तरी वाढते. मी एकाच वाटेकडे डोळे लावून बसलो. काटा जागेवर आणि पाण्याची काच कोरडी, असं दिसलं की बॉयलर सोडून पळायचं असतं. मी पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो हे. पहिल्या दिवशी."

"म्हणजे पेपरात चुकीचं छापलंय?"

"नाही. बरोबर छापलंय. तीसच आहेत."

"मग घर?"

मीच म्हटलं, "ताई, आता जे आहे त्यात घर येत नाही. तेव्हा थोडेच कमी पडत होते, आता फार कमी पडतात." माझ्या घशाशी सगळ्या शिव्या आल्या होत्या, बेकरीच्या मागच्या घरापासून साठवलेल्या. त्यांच्या त्या वाकलेल्या पाठीकडे बघितलं आणि एकही बाहेर पडली नाही. मला त्यांची कीव आली, आणि ताईसमोर कीव आली म्हणून माझीच मला लाज वाटली.

ताई जिन्याकडे बघत होती. तिला रडू येईल असं मला वाटलं, पण ती विचार करत होती. एखाद्या थांब्यावर रस्ता बंद असला की पुढचा थांबा कुठला घ्यायचा असा विचार करायची, तसा. मग तिनं भावोजींना विचारलं, "मग आता किती व्हायला पाहिजेत?"

भावोजींना खोटं बोलता आलं असतं. बघू म्हणता आलं असतं, चाळीस म्हणता आलं असतं, तिनं ऐकलं असतं आणि उद्यापासून भिंग घेऊन चाळिसाची वाट बघितली असती. पण त्यांनी जन्मात कुणाला खोटा आकडा सांगितला नव्हता. त्यांचे ओठ हलले. हजार ऐंशी भागिले बारा. मीही मनातल्या मनात तोच भागाकार करत होतो आणि तो सुटू नये असं मला वाटत होतं.

"नव्वद," ते म्हणाले.

ताईनं मान वळवून स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघितलं. आलेखातलं तिला काही कळत नसे, पण त्यावरचा सगळ्यात उंच डोंगर पन्नासाचा आहे हे तिला पाठ होतं.

"बरं," ती म्हणाली. तिचा हात पायापर्यंत पोचत नाही, म्हणून मला म्हणाली, "चपला काढ रे माझ्या." मी दोरा तोडला आणि दोन्ही चपला काढल्या. भावोजी अजून पायरीवरच बसले होते. "तुम्ही आत या," ती त्यांना म्हणाली, "आणि दार लावून घ्या."